लाल समुद्राचा फोटो नेमका कुठला? व्हेलची शिकार, देशोदेशीची भांडणं आणि बातम्या

आडवी_टीप (शुक्रवार, रात्री १०:५२)

सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तो फोटो परत फिरतोय. खाडीचं पाणी लालभडक, कमरेएवढ्या पाण्यात उभी माणसं, काठावर ओळीने पडलेली काळी धुडं. खाली मजकूर: 'जपानची क्रूर परंपरा, मन असेल तर पुढे पाठवा.' फोटो जपानचा नाहीच. तो फॅरो बेटांचा आहे, उत्तर अटलांटिकातला. तिथे पायलट व्हेलचे कळप होड्यांनी हाकत खाडीत आणतात आणि काठाशी मारतात. पूर्वी हाच फोटो ईमेलवर फिरायचा तेव्हा खाली 'डेन्मार्क' असायचं, आणि पोरं वयात आली हे सिद्ध करायला मारतात अशी गोष्ट जोडलेली असायची. तीही भाकडकथा. मांसाची गावात वाटणी होते. मारतात हे खरं, रक्त खरं, बाकी सगळं ज्याच्या त्याच्या सोयीचं. ग्रुपवर हे लिहिलं तर सेक्रेटरींचं उत्तर आलं, "साहेब, भावना महत्त्वाची."

म्हणून इथे धागा काढतोय. मी बरीच वर्षं एका मराठी दैनिकात परदेशी बातम्यांच्या टेबलावर होतो. व्हेलची बातमी ठरावीक मोसमात यायची, डिसेंबर ते मार्च. तिकडे उन्हाळा, जपानी ताफा अंटार्क्टिकच्या समुद्रात, जपानच्या भाषेत 'संशोधना'साठी. मजकूर यायचा सिडनीहून किंवा लंडनहून. पहिल्या परिच्छेदात 'कत्तल', दुसऱ्यात ऑस्ट्रेलियन मंत्री, तिसऱ्यात पर्यावरणवाले, आणि अगदी शेवटी 'जपानच्या म्हणण्यानुसार'. आमच्याकडे जागा मिळायची एका कॉलमात बोटभर, आणि बातमी कापायची ती खालून, हा धंद्याचा नियम. त्यामुळे जपानचं म्हणणं दर वर्षी कात्रीत जायचं. कुणी कट केला नव्हता. रात्री साडेअकराला पान सोडायची घाई असते, एवढंच.

एक उदाहरण तपशिलात देतो. फेब्रुवारी २००८. ऑस्ट्रेलियाने 'ओशनिक व्हायकिंग' नावाचं कस्टम्सचं जहाज पाळत ठेवायला पाठवलं होतं. त्यावरून काढलेले फोटो तिथल्या सरकारनेच प्रसिद्ध केले. शिकारी बोटीच्या मागच्या उतारावरून मिंक जातीचे दोन व्हेल वर ओढले जातायत, एक मोठा, एक लहान. दुसऱ्या दिवशी जगभर मथळे: आई आणि तिचं पिल्लू. जपानच्या संशोधन संस्थेने खुलासा केला की हे मायलेकरू नव्हेत, नमुन्यासाठी वेगवेगळे पकडलेले दोन प्राणी आहेत. हा खुलासा किती लोकांनी वाचला असेल? आता गंमत बघा, तो खुलासा शंभर टक्के खरा धरला तरी मूळ प्रश्न तिथेच राहतो: या दोघांना मारून कुठलं विज्ञान शिकायचं होतं? 'आई-पिल्लू'च्या आरडाओरड्यात तो प्रश्नच बुडाला. जपानलाही ते सोयीचंच पडलं, कारण चर्चा फोटोच्या मथळ्यावर आली.

दुसरं उदाहरण निकालाचं. ऑस्ट्रेलियाने २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, ३१ मार्च २०१४ ला निकाल आला, १२ विरुद्ध ४. 'जपानला व्हेलच्या शिकारीची बंदी' असे मथळे आले. न्यायालय असं म्हणालंच नव्हतं. 'जार्पा-२' नावाचा अंटार्क्टिकमधला एक विशिष्ट कार्यक्रम वैज्ञानिक संशोधनासाठी असल्याचं दिसत नाही, त्याचे परवाने मागे घ्या, एवढा तो निकाल. २००५ पासून सुमारे ३,६०० मिंक मारून तज्ज्ञांनी तपासलेले शोधनिबंध किती, तर दोन, हेही निकालात नोंदवलंय. पण मारून संशोधन करणं मुळातच बेकायदा असं ठरलं नाही, आणि उत्तर पॅसिफिकमधली शिकार त्या खटल्यात नव्हतीच. मग जपानने एक मोसम मारणं थांबवलं, नवीन नावाचा कार्यक्रम आणला आणि २०१५-१६ मध्ये ३३३ मिंक मारले. तेव्हा वाचक म्हणाले, 'न्यायालयाचा अवमान!' कारण त्यांना निकालच चुकीचा कळवला गेला होता. जाता जाता, त्या खंडपीठावर आपले दलवीर भंडारी होते, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती, आणि ते बहुमताच्या बाजूने होते. मराठी पेपरात याची ओळही माझ्या वाचनात नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कुणी 'तुम्ही नक्की कुणाचे' विचारायला नको. मला व्हेल मारलेले आवडत नाहीत. पण या विषयावरच्या बातम्या मला त्याहून कमी आवडतात. इथे परदेशात राहणारे बरेच आहेत. तुमच्याकडे हे कसं दिसतं?

---

पॉपकॉर्नवाला (शुक्रवार, रात्री ११:०४)

पहिला! खुर्ची घेऊन बसलोय.

---

चौदावा_मजला (शनिवार, सकाळी ७:३१)

आडवी टीप, धागा चांगला आहे, पण 'दोन्ही बाजू' हा प्रकार मला पटत नाही. स्फोटक लावलेला भाला मारायचा, लगेच मेला तर नशीब, नाहीतर दोरीला बांधून ओढत न्यायचा. आइसलँडच्या सरकारी यंत्रणेनेच २०२२ च्या मोसमात ५८ फिन व्हेलची तपासणी केली, तर जागच्या जागी मेलेले साठ टक्क्यांच्याही आत. बाकीचे तडफडून. याला दुसरी बाजू कसली असणार? मी शाकाहारी आहे म्हणून नाही म्हणत.

---

पॉपकॉर्नवाला (शनिवार, सकाळी ७:४०)

'शाकाहारी आहे म्हणून नाही म्हणत' आलं. आता दोनशे प्रतिसाद नक्की.

---

योकोहामाकर (शनिवार, सकाळी ९:१५)

मी इथे बऱ्याच वर्षांपासून आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

२०२३ च्या जानेवारीत आमच्याकडे मोतोमाचीजवळ व्हेलच्या मांसाचं एक दुकान उघडलं. दुकानदार नाही, नुसती वेंडिंग मशिन. गोठवलेलं मांस, साशिमीचे तुकडे, डब्यातलं शिजवलेलं. हजार येनपासून तीन हजारापर्यंत. शिकार करणाऱ्या कंपनीचंच दुकान. बघायला गेलो तेव्हा आत एक परदेशी बातमीदार मशिनचे फोटो काढत होता आणि बाहेर एक म्हातारं जोडपं आत जावं की नको करत उभं होतं. आजोबा म्हणाले, शाळेत खायचो. आजी म्हणाल्या, म्हणूनच नको! तिखट तळलेले तुकडे त्यांना अजून आठवतात, आवडीने नव्हे. तरुण पोरं नुसती बघून पुढे जात होती. बाहेरच्या देशांत बातमी गेली: 'जपानमध्ये आता मशिनमधून व्हेल'. जणू रांगा लागल्यात.

वस्तुस्थिती अशी की युद्धानंतर देश उपाशी होता आणि १९४६ मध्ये अंटार्क्टिकला जहाजं पाठवायची परवानगी खुद्द मॅकआर्थरच्या अमेरिकन प्रशासनाने दिली. शाळेच्या जेवणात व्हेल आला तो तिथून. १९६२ च्या आसपास वर्षाला सव्वादोन लाख टनांच्या घरात खप होता. आता दोन हजार टनांच्या आसपास. तेव्हा 'हजारो वर्षांची राष्ट्रीय परंपरा' हे इथल्या सरकारचं पालुपदही अर्धंच खरं. ताइजीसारख्या किनाऱ्यावरच्या गावांत परंपरा जुनी आहे, वाद नाही. अंटार्क्टिकला कारखाना-जहाज पाठवणं ही परंपरा नव्हे, तो विसाव्या शतकातला उद्योग. इथली वृत्तपत्रं हा फरक क्वचित करतात.

आणि इथल्या पत्रकारितेचा खरा नमुना ऐका. २००८ मध्ये ग्रीनपीसच्या दोन जपानी कार्यकर्त्यांना खबर लागली की संशोधन जहाजावरचे खलाशी उत्तम प्रतीचं मांस घरी पाठवतात. त्यांनी आओमोरीत कुरियरच्या गोदामातून एक खोकं उचललं. वर लिहिलेलं 'पुठ्ठा', आत साडेतेवीस किलो खारवलेलं व्हेलचं मांस. पत्रकार परिषद घेऊन ते पुरावा म्हणून सरकारी वकिलांकडे दिलं. पुढच्या महिन्यात अटक कुणाला? त्या दोघांना. खोक्याच्या चोरीबद्दल. मांसाच्या अफरातफरीची चौकशी त्याच दिवशी बंद. २६ दिवस कोठडी, २०१० मध्ये एक वर्षाची शिक्षा, तीन वर्षं स्थगित. इथे महिनोन्‌महिने चर्चा चोरीचीच. मग २०१० च्या डिसेंबरात मत्स्य खात्याने कबूल केलं की आमच्या पाच अधिकाऱ्यांनी मांस 'भेट' म्हणून घेतलं होतं, आणि त्यांच्यावर कारवाई केली. ती बातमी आतल्या पानावर.

इथे प्रत्येक खात्याचा पत्रकार-क्लब असतो. मत्स्य खात्याचा बातमीदार खात्याच्याच इमारतीत बसतो, निवेदनं तिथेच हातात पडतात. त्याच खात्याला दुखावून उद्या बसायचं कुठे? सक्ती कुणी करत नाही, गरजच पडत नाही.

---

आडवी_टीप (शनिवार, सकाळी ९:४८)

योकोहामाकर, हा प्रतिसाद म्हणजे वेगळा लेखच झाला. त्सुनामीच्या निधीचंही लिहा ना.

---

योकोहामाकर (शनिवार, सकाळी १०:०२)

थोडक्यात: २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर पुनर्वसनासाठी जी पुरवणी तरतूद झाली तिच्यातले सुमारे २३० कोटी येन अंटार्क्टिक शिकारीच्या खर्चाला आणि सुरक्षेला गेले. खात्याचं म्हणणं, इशिनोमाकीसारख्या उद्ध्वस्त गावात व्हेल प्रक्रिया उद्योग आहे, त्याला मदत. यावर मात्र इथले लोक चिडले होते. व्हेलचं दुःख नव्हतं, पैशाचं होतं.

---

बर्गनची_बायको (शनिवार, दुपारी १:२०)

नॉर्वेहून. (नाव नवऱ्याने ठेवलंय, हसू नका.)

आमच्या मासळी बाजारात व्हेलचं मांस राजरोस मिळतं. गर्द लाल, जवळजवळ काळपट, मटणापेक्षाही गडद. सगळ्यात जास्त विचारणा जहाजातून उतरलेल्या पर्यटकांची, त्यात आपले लोकही. चव घ्यायची, सेल्फी काढायचा, आणि हॉटेलवर जाऊन 'जपानी किती क्रूर' वाचायचं.

आकडे बघा. नॉर्वेने १९९३ मध्ये व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली. २०१४ मध्ये ७३६ मिंक मारले, २०२० ते २०२३ मध्ये वर्षाला पाचशे-सहाशेच्या दरम्यान. जपान आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगातून बाहेर पडल्यावर २०२० मध्ये त्यांचा कोटा होता ३८३: १८७ ब्रायडी, १७१ मिंक, २५ सेइ. डोकी मोजली तर नॉर्वे पुढे. पण 'व्हेल मारणारा देश' म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? मला यात गोऱ्या-पिवळ्याचा वास येतो.

---

कलम_आठ (शनिवार, दुपारी २:०५)

वास येतो हे मान्य, पण सगळा वास तोच नाही. पेशाने वकील, म्हणून थोडं किचकट लिहितो.

आयोग स्थापन करणारा करार १९४६ चा. त्याच्या उद्देशातच व्हेलचं रक्षण आणि व्हेल उद्योगाचा सुव्यवस्थित विकास, दोन्ही लिहिलेत. नंतरची सगळी भांडणं या एका वाक्याच्या दोन टोकांना धरून चाललीत. १९८२ मध्ये व्यापारी शिकार स्थगित करायचा ठराव झाला, २५ विरुद्ध ७. तो १९८५-८६ च्या मोसमापासून लागू. करारातच सोय आहे की ठराविक मुदतीत हरकत नोंदवली तर ठराव त्या देशाला बांधत नाही. नॉर्वेने हरकत नोंदवली आणि सोडली नाही. म्हणून त्यांची शिकार करारानुसार कायदेशीर. जपाननेही नोंदवली होती, पण अमेरिकेने आपल्या सागरी हद्दीतला मासेमारीचा वाटा काढून घेण्याची धमकी दिली, तेव्हा मागे घेतली. मग उरलं कलम आठ: संशोधनासाठी परवाने, आणि मारलेलं प्राणीधन वाया न घालवणं, म्हणजेच मांस विकणं. तिथून 'संशोधन' सुरू झालं.

दुसरा फरक जागेचा. नॉर्वे आपल्या अंगणात मारतो. जपान हजारो किलोमीटर दूर, १९९४ मध्ये अभयारण्य ठरलेल्या दक्षिण महासागरात, ऑस्ट्रेलिया ज्याच्या काही भागावर आपला हक्क सांगतो तिथे. वाद भडकायला ही कारणं पुरेशी होती. २०१९ पासून जपान आपल्याच हद्दीत आला आणि बघा, आरडाओरडा बराच ओसरला. फक्त वंशभेद असता तर ओसरला नसता.

---

बर्गनची_बायको (शनिवार, दुपारी २:१९)

ओसरला कारण कॅमेरे घरी गेले.

---

दर्यावर्दी_निवृत्त (शनिवार, सायंकाळी ६:४०)

बर्गनच्या वहिनी नेमकं बोलल्या. मी व्यापारी जहाजांवर होतो, त्या दक्षिणेकडच्या पाण्यात कधी गेलो नाही, पण रेडिओवर आणि बंदरात चर्चा चालायची.

तिथे बातमीदार जाणार कसा? हजारो मैल, हिमनग, महिनोन्‌महिने. म्हणजे चित्रण दोनच ठिकाणांहून येणार. एक शिकारीला आडवं जाणाऱ्या 'सी शेफर्ड' संघटनेच्या जहाजांवरून, दुसरं जपानी बाजूने. २००८ पासून तर अमेरिकन वाहिनीवर मालिकाच सुरू होती, 'व्हेल वॉर्स'. आता मालिकेला नायक लागतो, खलनायक लागतो, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी काहीतरी आदळावं लागतं. ६ जानेवारी २०१० ला खरंच आदळलं: त्यांची 'ॲडी गिल' नावाची वेगवान बोट आणि जपानी 'शोनान मारू २'. बोटीचं नाक तुटलं. दोन्ही बाजूंनी आपापलं चित्रण लगेच वाटलं. एकात जपानी जहाज मुद्दाम वळताना दिसतं, दुसऱ्यात बोट पुढे सरकताना. समुद्रावर दोन जहाजं जवळ आली की टक्कर टाळायची जबाबदारी दोघांवर असते, हे कुठल्याही कॅडेटला पाठ असतं. वाहिन्यांवर मात्र निकाल आधीच लागला होता, आणि कुठल्या देशातली वाहिनी त्यावर तो अवलंबून.

त्या बोटीचा कप्तान पुढच्या महिन्यात रात्री जपानी जहाजावर चढला, पकडला गेला, टोकियोत खटला, स्थगित शिक्षा. संघटनेचा संस्थापक पॉल वॉटसन, त्याला याच प्रकरणावरून २१ जुलै २०२४ ला डेन्मार्कच्या ग्रीनलंडमध्ये नूकला धरला. पाच महिने आत. डेन्मार्कने जपानला सोपवायला नकार दिला, डिसेंबरात सुटला. फ्रान्समध्ये तो वीर, जपानमध्ये दहशतवादी. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने तर त्याच्या संघटनेला चक्क चाचे म्हटलं होतं. सडक्या लोण्याच्या वासाचं आम्ल बाटल्यांतून फेकायचं, पंख्यात दोर अडकवायचे. मी जहाजावरचा माणूस, पंख्यात दोर अडकवणाऱ्याला मी माफ करत नाही, त्याचं कारण कितीही थोर असो. सूं सूं वारा आणि इंजिन बंद, याचा अर्थ पडद्यावर कळत नाही.

---

चौदावा_मजला (शनिवार, रात्री ८:११)

काका, तुमचा राग समजतो. पण ते गेले नसते तर आज आपण हे बोलतही नसतो. कुणी न बघता मारलेल्या प्राण्याची बातमी होत नाही.

---

सिअ‍ॅटलची_सून (रविवार, पहाटे ४:५०)

या बाजूचं एक उदाहरण. वॉशिंग्टन राज्याच्या अगदी टोकाला निआ बे, तिथे मकाह जमात राहते. १८५५ च्या तहात त्यांनी जमीन दिली आणि व्हेल मारायचा हक्क लेखी राखून ठेवला. करड्या व्हेलची संख्या घसरल्यावर त्यांनी आपणहून शिकार सोडली होती. १९९४ मध्ये तो व्हेल धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर आला, आणि १७ मे १९९९ ला सत्तर वर्षांनंतर त्यांनी एक व्हेल मारला. लाकडी होडीतून, हाती भाल्याने, मग मोठ्या बंदुकीने. डोक्यावर टीव्हीवाल्यांची हेलिकॉप्टरं, थेट प्रक्षेपण. लोक सकाळचा नाश्ता करत बघत होते.

त्यानंतर जे झालं ते इथले जुने लोक अजून सांगतात. 'व्हेल वाचवा, मकाहला भाला मारा' अशा पाट्या. शाळेला धमक्या. स्थानिक वृत्तपत्रांत पत्रांचा पूर, बहुतेक विरोधात, आणि त्यात व्हेलबद्दल कमी, आदिवासींबद्दल जास्त. त्या टीव्हीवर भाला दिसला. किनाऱ्यावर ओढून आणल्यावर म्हाताऱ्यांनी म्हटलेली गाणी आणि प्रार्थना बातमीच्या शेवटी काही सेकंद. एका व्हेलसाठी एवढं. पुढे शिकार न्यायालयात अडकली, आणि कायद्यातून सूट मिळायला २०२४ उजाडलं.

---

कलम_आठ (रविवार, सकाळी ८:२२)

याला जोड म्हणून अलास्का. १९७७ मध्ये आयोगाने बोहेड व्हेलची शिकार अचानक शून्यावर आणली, कारण शास्त्रज्ञांच्या मते जेमतेम हजार-दोन हजार उरले होते. तिथले आदिवासी, इनुपिआत शिकारी म्हणाले, तुम्ही बर्फाच्या काठावर उभे राहून दिसतील तेवढे मोजता. ते बर्फाखालूनही जातात, श्वासासाठी पातळ बर्फ डोक्याने फोडतात. गोऱ्यांच्या पेपरांत हे स्वार्थी लोकांचं बोलणं ठरलं. १९७८ साठी तडजोड झाली, बारा आणा किंवा अठरांना भाला लावा. नंतर पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडून आवाजावरून मोजणी केली तेव्हा शिकारी बरोबर निघाले. २०११ च्या मोजणीत सुमारे १७ हजार. शिकारही चालू, संख्याही वाढती.

चौदावा मजला, तुमच्या 'दुसरी बाजू कसली'ला हे माझं उत्तर.

---

चौदावा_मजला (रविवार, सकाळी ८:५५)

अलास्काच्या बर्फात राहणाऱ्या माणसाची आणि शिमोनोसेकीहून निघालेल्या नव्या कारखाना-जहाजाची बाजू एकच कशी? तुम्हीच दोन्ही एका टोपलीत घालताय. 'कांगेई मारू' २०२४ मध्ये शिकारीला निघालं, साडेसात अब्ज येनचं. त्याच वर्षी फिन व्हेलही शिकारीच्या यादीत घातला. खायला दोन हजार टनांचं गिऱ्हाईक नाही आणि जहाज असं. हे कुणाच्या पोटासाठी?

---

योकोहामाकर (रविवार, सकाळी ९:१०)

पोटासाठी नाही. नाकासाठी. बाहेरच्यांनी सांगितलं म्हणून सोडायचं नाही. ओरडा थांबला असता तर हा धंदा वीस वर्षांपूर्वी आपोआप मेला असता, असं इथल्या कितीतरी लोकांचं मत आहे. माझंही. चौदाव्या मजल्यावरच्या ताईंना आवडणार नाही, पण ऑस्ट्रेलियन मंत्री जितक्या वेळा टीव्हीवर आला तितकं अनुदान पक्कं झालं.

---

पॉपकॉर्नवाला (रविवार, सकाळी ९:३३)

आणि तो ऑस्ट्रेलिया स्वतः १९७८ पर्यंत मारत होता ना? आल्बनीजवळचा कारखाना तेव्हाच बंद झाला. शिवाय कांगारू. जपानी लोक कांगारूचा मुद्दा काढत नाहीत का?

---

योकोहामाकर (रविवार, सकाळी ९:४१)

दर वेळी.

---

हर्णैचा_पोऱ्या (रविवार, सकाळी ११:२६)

परदेशाचं झालं असेल तर आपल्याकडे या. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे, कुठेही पोलिसांनी अंबरग्रीस पकडलं की मथळा ठरलेला: 'व्हेल माशाची कोट्यवधींची उलटी जप्त'. एक तर व्हेल मासा नाही. दुसरं म्हणजे ती उलटी आहे हेही पक्कं नाही. स्पर्म व्हेलच्या आतड्यात माकूळाच्या चोची अडकून तो गोळा तयार होतो. आणि कोटींचा आकडा कुठून येतो? वन्यजीव कायद्याने इथे विक्रीच बंद, मग बाजारभाव कुणी काढला? पण तो आकडा छापल्यामुळेच आमच्या गावातली चार पोरं किनाऱ्यावर दगड उचलून वास घेत फिरतात. खोटं सांगत नाही.

२०२३ च्या दिवाळीत गणपतीपुळ्याला पिल्लू लागलं होतं किनाऱ्याला. लोकांनी, जीवरक्षकांनी, वन खात्याने ओढून समुद्रात नेलं. 'जीवदान' म्हणून सगळीकडे झळकलं. ते परत आलं आणि मेलं, ही बातमी किती जणांनी वाचली?

---

आडवी_टीप (रविवार, दुपारी ३:०२)

हर्णैच्या पोऱ्याने विषय अरबी समुद्रात आणला ते बरं झालं, कारण मला जे सांगायचं होतं ते तिथेच येतं.

विसाव्या शतकातला व्हेलच्या शिकारीचा सगळ्यात मोठा घोटाळा जपानचा नाही, नॉर्वेचा नाही. सोव्हिएत संघाचा. १९४८ ते १९७३ दरम्यान त्यांच्या ताफ्यांनी दक्षिण गोलार्धात ४८ हजारांवर हंपबॅक मारले आणि आयोगाला कळवले २,७१०. चुकून नाही. दोन वह्या ठेवत: खरी मॉस्कोला, खोटी आयोगाला. १९५९ ते ६१ या दोन मोसमांतच पंचवीस हजारांच्या आसपास. त्यानंतर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरची हंपबॅकची शिकार केंद्रं एकामागून एक बंद पडली. व्हेल येईनातच. का येईनात ते तेव्हा कुणाला कळलं नाही. मांसाची गरज होती असंही नाही, योजनेतला टनांचा आकडा गाठायचा होता. एक फोटो नाही, मथळा नाही, मोर्चा नाही. कुणाच्या जहाजावर कुणी परका निरीक्षक नव्हता, ती पद्धत १९७२ मध्ये आली. हे जगाला कळलं १९९३ मध्ये, येल्त्सिनचे पर्यावरण सल्लागार अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी टेक्सासमधल्या एका परिषदेत सांगितलं तेव्हा. काही सोव्हिएत शास्त्रज्ञांनी खरे आकडे घरी जपून ठेवले होते, म्हणून.

आता आपला समुद्र. १९६६ च्या नोव्हेंबरात हेच ताफे ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्याजवळ आले आणि हंपबॅक मारले. आधीच्या मोसमातले धरून २४२. जगातले बाकीचे हंपबॅक ध्रुवाकडे ये-जा करतात, हा कळप करत नाही, तो बारा महिने अरबी समुद्रात राहतो. हजारो वर्षांपासून वेगळा पडलेला. आज ओमानच्या बाजूला शंभराच्या आत उरलेत. त्या महिन्यातले मुंबईचे अंक काढून बघा, काय सापडेल? काहीच नाही. सापडणार तरी कसं, कळवायला होतं कोण?

म्हणून माझं गाऱ्हाणं बातमीत कुणाची बाजू घेतली याबद्दल नाही. जिथे कॅमेरा पोचतो तिथलं एक व्हेल जगाला रडवतं आणि वहीबाहेरचे पंचेचाळीस हजार कुणाला माहीत नसतात. आयोगात रात्ररात्र जे भांडण चालतं, निरीक्षक कुणाचा, नमुना कोण तपासणार, मांसाच्या डीएनएची नोंद कुणाकडे, ते बातमीत येत नाही कारण ते कंटाळवाणं आहे. तेवढंच कामाचं आहे.

---

दर्यावर्दी_निवृत्त (रविवार, दुपारी ३:४०)

आयोगातल्या मतांच्या खरेदीचं राहिलं. २०१० मध्ये लंडनच्या संडे टाइम्सने बातमीदार वेष पालटून पाठवले होते, छोट्या बेटांचे प्रतिनिधी पैसे आणि मदत घेऊन जपानच्या बाजूने मत द्यायला कसे तयार असतात ते दाखवायला. हे काम मात्र झकास होतं. सगळीच पत्रकारिता वाईट नाही.

---

कलम_आठ (रविवार, दुपारी ३:५८)

मान्य. फक्त आठवण: १९८२ च्या मतदानाआधी व्हेल न मारणारे कितीतरी देश आयोगात भरती झाले, तेही आपोआप नाही. ती बातमी वेष पालटून कुणी केली नाही. (आपण १९८१ ला सदस्य झालो.)

---

चौदावा_मजला (रविवार, सायंकाळी ५:१५)

वहीबाहेरचे मृत्यू म्हणत असाल तर आजचे घ्या. मासेमारीच्या जाळ्यांत अडकून दर वर्षी जगभरात सुमारे तीन लाख व्हेल, डॉल्फिन, पॉर्पॉइज मरतात, असा अंदाज आहे. भाला नाही, रक्त नाही, बातमी नाही. अमेरिका-कॅनडाच्या किनाऱ्यावर नॉर्थ अटलांटिक राइट व्हेल पावणेचारशेच्या आसपास उरलेत आणि मरतात ते शेवंड-खेकड्यांच्या दोरात आणि जहाजांच्या धडकेने. तिथे खलनायक कोण? हॉटेलात लॉबस्टर मागवणारा. त्याच्यावर मालिका निघणार नाही.

---

आडवी_टीप (रविवार, सायंकाळी ५:३०)

ताई, यावर आपलं एकमत. हर्णैवाले, आपल्याकडच्या जाळ्यांचं काय?

---

हर्णैचा_पोऱ्या (रविवार, सायंकाळी ७:४८)

आपल्याकडे २०१८ च्या डिसेंबरपासून योजना आहे. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असं संरक्षित काही जाळ्यात आलं आणि जाळं कापून सोडलं तर जास्तीत जास्त २५ हजार रुपये भरपाई मिळते. मोठं जाळं त्याहून महाग पडतं, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. माझ्या चुलतभावाने कासव सोडलं होतं. अर्जाला फोटो किंवा व्हिडिओ जोडावा लागतो, म्हणून हल्ली तांडेल होडीवर चढताना आधी मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालतो. कासव सोडताना एकाने जाळं कापायचं, एकाने धरायचं, आणि एकाने नुसतं शूटिंग करायचं. त्या तिसऱ्यावर बाकीचे दोघे ओरडत असतात, ते पण रेकॉर्ड होतं.

---

पॉपकॉर्नवाला (रविवार, रात्री ८:०३)

ते व्हिडिओ टाक की इथे.

---

हर्णैचा_पोऱ्या (रविवार, रात्री ८:२०)

शिव्या आहेत त्यात. ॲडमिन उडवतील.